वाकळ कुणी शिवली

कळंबा,
६ सप्टेंबर १९९८

चि. प्रीतीस,

बाळाबाईचा आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, तुझ्या घरी समदं बरं हाय. काल तुझी आई तळ्यावर धुणं घेऊन आलती. मीच हाक मारून तुझा पुण्याचा पत्ता घेतला.

काम तसं तुझ्याबिगर कुणाच्यानं व्हायचं न्हाय. आमच्या धैर्यशीलाला जपानात नोकरीला जाऊन तीन वर्षं झाली, हे तुला म्हाईतच हाय, तुझ्याच वर्गातला तो. त्यानं तिथं पोरगी बघितलीया. आयाको नाव हाय. पयल्यांदा कळलं तवा मी आठ दिस धड जेवलो न्हाय. मग म्हशीनं दूध कमी केलं. म्हटलं, घरात रडं शिरलं की गोठ्यालाबी कळतंय. उठलो, जेवलो. बाप न्हाय पोराला, एकुलतं एक लेकरू, त्याच्या सुखाच्या आडवं मी कशाला पडू?

आता घोडं पेंड खातंय ते पोरीच्या आईपाशी. तीबी माझ्यासारखीच, नवरा न्हाय, एक लेक. ती म्हणती, सासू बघितल्याबिगर लेक देणार न्हाय. दिवाळी झाली की आठ दिस आमच्यात ऱ्हायला येणार. ती न्हाय म्हणाली तर पोरगी आईचा शबुद मोडणार न्हाय. म्हंजे लग्न राहिलं.

आन् आमचा दिवटा काय सांगतो फोनवर? "आई, तू काय बोलू नकोस. नुसती हस." मी काय खुळी हाय व्हय नुसतं हसायला? तो म्हणतो, तिकडं एकमेकांच्या वस्तूचं कौतिक लई करत्यात, आन् तुझं कौतिक म्हंजे भांडण वाटतंय. खरं हाय ते. आमचा आवाज गोठ्यातून येशीपातूर जातो. तू पुण्यात जपानी भाषा शिकतीस, म्हणून तूच मला शिकव. कायतरी भारी बघितलं की जपानी बाई काय म्हणती? धैर्याला कळू देऊ नकोस.

तुझी,
बाळाकाकू


पुणे,
१४ सप्टेंबर १९९८

ती. बाळाकाकूंना सादर प्रणाम.

तुमचं पत्र वाचून इतकी हसले की खोलीतल्या मुली विचारायला लागल्या, काय झालं. त्यांना सांगितलं, कळंब्याच्या एका काकूंना जपानी शिकायचंय. कुणाचाच विश्वास बसला नाही. इथं मी सुरुवातीला आपल्याकडच्या बायकांच्या सवयीनं "मी जातो, मी येतो" म्हणायचे तर ह्याच मुली पोट धरून हसायच्या. आता "जाते, येते" म्हणायला शिकलेय. घरी आले की परत "जातो".

तर पहिला धडा. "सुगोई" म्हणजे "लई भारी". पण तो तरण्या पोरांचा शब्द, उठसूट म्हणतात. तुम्ही "माऽ" म्हणा. आपण "अगं बाई" म्हणतो ना, तसं तिकडच्या वयस्कर बायका म्हणतात "माऽ". मग थोडं थांबायचं. आणि मग "किरेई", म्हणजे "किती सुंदर".

थांबणं महत्त्वाचं आहे, काकू. आमच्या बाई सांगतात, कौतुक समोरच्याच्या तोंडावर फेकायचं नाही. वस्तूकडे बघायचं, हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं. ऐकणाऱ्यानं ऐकलं तर ऐकलं. आणि एक चूक अजिबात करू नका: "जोझु" असा शब्द आहे, "तुम्हाला छान जमतं" असा. तो मोठ्या माणसाला म्हणायचा नाही. आपण मास्तर होऊन त्याला मार्क दिल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा विचारायचं, हे कसं केलं, किती दिवस लागले. खरं आश्चर्य वाटलं की माणूस विचारतोच.

मला ही भाषा रात्री झोपताना कानात ऐकू येते. तळ्यावर पहाटे धुकं असतं, पलीकडचा काठ दिसत नाही, पण तिकडं कुणी कपडे आपटले की आवाज येतो, तसं काहीतरी. अर्थ लागत नाही आणि तरी ऐकावंसं वाटतं.

आपली,
प्रीती


कळंबा,
२ ऑक्टोबर १९९८

चि. प्रीतीस आशीर्वाद.

रोज पहाटं धार काढताना म्हणतो. "माऽ." मग थांबतो. मग "किरेई." म्हस मान वळवून बघती. तिला पटलेलं न्हाय अजून.

पर एक सांग, हळू बोलायचं, स्वतःशी बोलायचं, तोंडावर बोलायचं न्हाय, मग त्याला कौतिक म्हणायचं का चोरी? आमच्यात बघ, पोरगं गोजिरं दिसलं तर म्हणायचं, "काय मेलं ध्यान हाय!" चांगलं म्हटलं की दिष्ट लागती. माझ्या सासूनं उभ्या जल्मात माझ्या भाकरीला चांगलं म्हटलं न्हाय. तीन खायची, ह्योच तिचा दाखला. त्यामुळं आता तोंड वळायचं म्हंजे अवघड जातंय पोरी.

पर मजाबी वाटती. काल तळ्याच्या काठानं वैरण घेऊन येत हुतो. पाण्यावर बगळे बसलेले. रोजच बसत्यात. काल मी थांबलो. बिंडा डोक्यावर तसाच. तोंडातनं आपसूक आलं, "माऽ." किती वेळ हुबा हुतो कुणास ठाऊक. घरी आलो तर म्हशी वरडायला लागल्याल्या. तीस वर्षं त्या वाटंनं जातो मी, आन् बगळे कधी बघितलं न्हवतं.

काकू


कळंबा,
१२ नोव्हेंबर १९९८

चि. प्रीतीस आशीर्वाद.

आली बघ पावणी, धैर्याच घेऊन आला तिला! चियो नाव. बारकी बाई, पायातलं दारात काढून नीट वळवून ठेवती, तोंड भायेरच्या बाजूला. परवा दारात आली तवा मला काय सुचलंच न्हाय, ते माऽ न्हाय आन् किरेई न्हाय. तिच्या तोंडावरनं हात फिरवला आन् कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. ती जाग्यावर थिजली. धैर्या कपाळाला हात लावून हुबा. मागनं कळलं, त्यांच्यात परक्याच्या अंगाला हात लावत न्हाईत.

पयला सगळा दिस बाई गप्पच. सोपा बघितला, गोठा बघितला, मान हलवली. कौतिकाचा एक शबुद न्हाय. म्हटलं संपलं. धैर्याचं तोंड बघवंना मला.

पर काल काय झालं ऐक. थंडी पडलीया म्हणून तिला पांघरायला माझी चांगली वाकळ दिली. तिनं उलगडली आन् खाली बसली. त्या टाक्यांवरनं बोट फिरवती, फिरवती, पाक मधल्या निळ्या तुकड्यापातूर गेली. आन् मग, देवाशप्पत, "माऽ" म्हणाली! अगदी तू सांगिटलंस तसं, हळू. मग गप्प. मग धैर्याला कायतरी इचारलं. तिकडं तीबी असंच जुन्या कापडावर दोऱ्यानं भरती, त्यातनं तिला ते कळलं म्हणं. इचारत हुती, ही कुणी शिवली? मी म्हटलं, घरातलीच हाय, मीच की. तिनं मला वाकून नमस्कार केला बघ. धैर्याचा चेहरा किती दिसांनी फुलला. आता माझं पोरगं मार्गी लागतंय. तुझं लई उपकार झालं पोरी.

काकू


पुणे,
१४ नोव्हेंबर १९९८

ती. काकूंना प्रणाम.

पत्र आजच मिळालं. लगेच लिहिते आहे, म्हणजे पाहुण्या असेपर्यंत तुम्हाला पोचेल.

ती वाकळ माझ्या आईनं शिवली आहे. तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. तुमच्या सोप्यात बसून, मी पाचवीत असताना. शाळा सुटली की मी तिथंच तिच्याजवळ येऊन बसायचे. तुमची लुगडी कमी पडली, मधे भोक राहत होतं, म्हणून आईनं माझा शाळेचा जुना फ्रॉक फाडून घातला. तो निळा तुकडा तोच. मी तेव्हा रडले होते. आई म्हणाली, "गप, मोठ्या घरात गेलाय तुझा फ्रॉक."

मी आईला काही कळवलेलं नाही, कळवणारही नाही. धैर्यशीलचं लग्न मोडावं असं मला स्वप्नातसुद्धा वाटत नाही. आता खरं सांगितलं तर त्या बाईंना काय वाटेल, ह्याचा मला अंदाज नाही. आमच्या पुस्तकात ते नाही. तेव्हा काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

एकच विचारते. राग मानू नका, किंवा माना. माझ्या आईनं इतकी वर्षं तुमच्या घरच्या वाकळा शिवल्या. तुम्ही तिला एकदा तरी म्हणालात का, चांगली झालीय म्हणून?

प्रीती


कळंबा,
२० नोव्हेंबर १९९८

चि. प्रीती,

पावणी काल गेली. आज बसून लिवतो. मधी लिवायला तोंड न्हवतं.

तुझं पत्र यायच्या आधीच मी फसलो हुतो. त्या वाकळंच्या दुसऱ्याच दिशी बाई पिशवीतनं सुई, पांढरा दोरा आन् निळं कापड काढून माझ्या शेजारी येऊन बसली. खुणंनं म्हणाली, दाखवा. प्रीती, मला धड बटण लावाय येत न्हाय. मी उठलो, आत गेलो आन् अंगठ्याला चिंधी गुंडाळून आलो. इळा लागला म्हटलं. एक खोटं झाकाय दुसरं. तर त्या बाईनं काय करावं? पेटीतनं मलम काढलं, चिंधी सोडली आन् माझा धडधाकट अंगठा हातात घेऊन मलम लावलं. लई येळ चोळत बसली. दोन दिस, सकाळ-संध्याकाळ. 

मग तुझं पत्र आलं. वाचलं, घडी केली, परत वाचलं. तू इचारलंस, एकदा तरी चांगलं म्हणालात का. न्हाय म्हणालो कधी. सुपात जोंधळं घालायचो आन् सूप पुढं सरकवायचो. संपलं.

दुपारी उठलो आन् तुमच्या घराकडं गेलो. पन्नास वर्षाची हाय मी, तुमच्या दारात पयल्यांदा आलो. तुझी आई भुईमूग निवडत हुती. मला बघून हुबीच राहिली.  म्हटलं, "सरुबाई, चला." ती म्हणाली, "कंची वाकळ काढायची?" आन् सुई-दोऱ्याचा डबा घेतला.  घरी आल्यावर ती रोजच्यागत सोप्यात भितीला टेकून बसाय लागली. मी म्हटलं, "हितं न्हवं. आत." ती हसली. म्हणाली, "आत उजेड कमी असतोय, सुई दिसत न्हाय." मी म्हटलं, "चला आत."

धैर्याला हाक मारली. म्हटलं, पावणीला सांग, वाकळ ह्या बाईनं शिवलीया. मी खोटं बोललो. अंगठ्यालाबी कायबी झालेलं न्हाय. धैर्याचं तोंड पांढरं पडलं. "आई, आता जायच्या टायमाला कशाला?" मी म्हटलं, "सांग!" ते माझं नेहमीचं वरडणं झालं बघ, येशीपातूर गेलं असंल.

त्यानं सांगिटलं. बाईनं माझ्याकडं बघितलं न्हाय. गुडघ्यावर सरकत सरकत तुझ्या आईपाशी गेली, तिचा उजवा हात घेतला आन् सुईनं घट्टं पडलेलं बोट बघत बसली.  नुसता श्वास आत घेतला, लांब. तू मला इतकं शबुद शिकवलंस, त्यातला एकबी तिनं वापरला न्हाय. तुझी आई म्हणाली, "अवं, हात काय बघता, कामाचा हात हाय त्यो."

मग दोघी शिवत बसल्या. धैर्या गेला भायेर, एकीची भाषा दुसरीला कळंना, आन् दिस मावळंपातूर उठल्या न्हाईत. पावणीचा एक टाका वाकडा गेला तर तुझ्या आईनं सरळ उसवला! "परत घाला" म्हणाली. पावणीनं घातला. मी बाजूला बसून दोघींना सुया ओवून देत हुतो. खिडकीतनं ऊन त्या निळ्या तुकड्यावर आलतं. कुठल्या देशात बसलोय, काय झालंय, कायबी आठवंना मला. मलाच झोप लागल्यागत झालं, डोळं उघडं ठेवून.

पर जाताना बाईनं लग्नाचं काय सांगिटलं न्हाय. ना व्हय, ना न्हाय. नुसती वाकली आन् गाडीत बसली. धैर्या माझ्याशी बोलत न्हाय. माझ्याच तोंडानं पोराचं लग्न मोडलं, असं समज. तरी त्या दिशी मी बोललो ते बरं झालं असं वाटतं, आन् वाटतं म्हणून परत रडू येतं.

तुझ्या आईला मी अजून चांगली झालीया म्हणून म्हटलेलं न्हाय. दोनदा तोंड उघडलं. आवाज फुटला न्हाय.

बाळाकाकू


पुणे,
५ डिसेंबर १९९८

ती. काकू,

तुमचं पत्र उशीखाली ठेवलंय. 

परवा आईशी फोनवर बोलले. मी काही विचारलं नाही, तीच सांगत होती. जपानची बाई हाताला हलकी आहे, पण दोरा लांब घेते म्हणून गुंता होतो. आणि तुमचं सांगितलं. "बाळाबाईस्नी सुई ओवाय येत न्हाय बघ. दोरा तोंडात घालून घालून पाक भिजवला." आई इतकी हसत होती की एसटीडी बूथवाल्यानं विचारलं म्हणे, सगळं ठीक आहे ना. माझी आई फोनवर कधी हसत नाही, काकू. पैसे पडतात म्हणून.

त्या बाई का गप्प राहिल्या, मला खरंच सांगता येत नाही. नुकताच परीक्षेचा निकाल लागला, मी वर्गात पहिली आले. आणि एका माणसाच्या गप्प बसण्याचा अर्थ मला लावता येत नाही. वाट बघू.

तुमची,
प्रीती


कळंबा,
२१ फेब्रुवारी १९९९

चि. प्रीती,

धैर्याकडं पावणीचं पत्र आलं! धैर्यानं फोनवर सगळं वाचून मराठीत सांगिटलं, दोनदा सांगाय लावलं मी. तुला तसंच सांगतो.

बाई म्हणती, तुम्ही शिवणाऱ्या न्हाय हे मला त्याच दिशी कळलं. शिवणारी बाई वाकळ हातात देताना उलटी करून देती, टाकं दाखवाय. तुम्ही सुलटी दिली. अंगठ्यालाबी जखम न्हाय हे दिसत हुतं. तरी मलम लावलं, कारण माझ्या लेकीच्या सासूचा हात हातात घ्यायला मला दुसरं निमित्त न्हवतं.

प्रीती, मी खाली बसलो ते ऐकून. धैर्या फोनवर हॅलो हॅलो करतोय.

लेक दिली तिनं. मे महिन्यात, आपल्या हितं, आपल्या रितीनं लग्न. पर डॉक्टर तिला परत इतक्या लांब इमानात बसू देत न्हाय, काळजाचं दुखणं हाय तिला. म्हणून तिनं एक मागणं घातलंय. पोरीच्या बाजूनं आई म्हणून सरुबाईनं हुबं ऱ्हावं. तिच्या हातात मी माझी लेक देती, म्हणती.

म्हंजे तुझी आई माझी विहीण झाली की गं!

भावकीला कळलंय. थोरले दीर म्हणाले, दुसरं कुणी मिळालं न्हाय व्हय? मी म्हटलं, पोरीच्या आईनं निवडलंय, जपानला जाऊन तिला इचारून या. चुलतसासू म्हणती, बरं हाय, रितीपरमाणं पोरीची आई वरमाईचं पाय धुती, सरुबाई तुझं पाय धुवील, कुठं बिघडलं? ते ऐकल्यापासनं माझ्या डोळ्याला डोळा न्हाय. इतकी वर्षं सोप्यात बसवली, आता लोकांदेखत पाय धुवून घेऊ? मी ठरवलंय. रीत उलटी करायची. पाय मी धुणार, तुझ्या आईचं, भर मांडवात. कुणाला जेवायचं असंल तर जेवा, न्हायतर जावा.

पर तिला इचारायला माझं तोंड होत न्हाय. दारापातूर जातो आन् परत येतो. तू इचार. ती व्हय म्हणंल का?

बाळाकाकू


कळंबा,
७ मार्च १९९९

बाळाकाकू, सप्रेम जयभीम.

मी घरीच आलेय, तुमच्यापासून तीन गल्ल्यांवर, तरी पत्रच लिहिते आहे. हे समोर बसून मलाही बोलता आलं नसतं. आईनं सांगितलं ते लिहून घेतलंय, ती शेजारी बसून काय लिहिलं ते वाचायला लावतेय.

आई म्हणते, पोरीची आई म्हणून मी उभी राहीन. त्या बाईनं माझ्यावर लेक सोपवलीय, तर मी नाही म्हणणारी कोण? लग्नाआधी चार दिवस आयाकोला आमच्याच घरी ठेवायचं. हळद इथं लागेल. आईनं आत्ताच खोली सारवायला काढलीय.

पाय धुण्याचं मी सांगितलं. आईनं निवडायच्या शेंगा बाजूला सारल्या.  मग म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"त्यास्नी सांग, पाय धुवाय नको. मी त्यांचं धुणार न्हाय, त्यांनीबी माझं धुवायचं न्हाय. पाणी कशाला पायजे मधी? पंगतीला माझ्या शेजारी पाट मांडा म्हणावं, आन् माझ्या ताटातली भाकरी मोडून खावा. वाकळ चांगली झालीया का न्हाय, ते तवा सांगा."

प्रीती